अमेरिकेतले पक्ष आणि नागरी हक्कांचे कायदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की दोन फॉरवर्ड हमखास फिरायला लागतात. एकात लिहिलेलं असतं की कृष्णवर्णीयांना हक्क दिले ते रिपब्लिकन पक्षाने. दुसऱ्यात, की सगळं केलं ते डेमोक्रॅटिक पक्षाने. मग आमच्याकडे प्रश्नांची रांग लागते. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आजोबांपासून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांपर्यंत सगळे थोड्याफार फरकाने तेच विचारतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. खाली 'दक्षिण' म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेली ११ राज्यं आणि 'काँग्रेस' म्हणजे अमेरिकेची संसद (कनिष्ठ सभागृह आणि वरिष्ठ सभागृह, म्हणजे सिनेट), आपल्याकडचा पक्ष नव्हे. (हसू नका, हा घोळ नेहमीचा आहे.)

१. नागरी हक्क कायदा एकच आहे की बरेच?

बरेच. १८६६, १८७५, १९५७, १९६०, १९६४, १९६८ आणि १९९१ या सालांचे कायदे याच नावाने ओळखले जातात. शिवाय १९६५ चा मतदान हक्क कायदा वेगळा (प्रश्न ११). नुसतं 'सिव्हिल राइट्स अॅक्ट' म्हटलं की बहुतेक वेळा १९६४ चा अभिप्रेत असतो. आपल्याकडचा नागरी हक्क संरक्षण कायदा हा १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आहे. त्याचा यांच्याशी संबंध नाही.

२. १९६४ च्या कायद्याने नेमकं काय बदललं?

हॉटेल, खाणावळ, नाट्यगृह, पेट्रोल पंप अशा ठिकाणी वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश बघून माणसाला दारातून परत पाठवणं बेकायदा झालं. १५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकांना नोकरीतही असा भेदभाव करायला बंदी आली आणि तिथे 'लिंग' हाही निकष जोडला गेला (प्रश्न १२). १५ चा हा आकडा १९७२ पासूनचा. आधी तो २५ होता. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनाही भेदभाव करता येईना. इस्पितळं आणि विद्यापीठं वठणीवर आली ती मुख्यतः या शेवटच्या तरतुदीमुळे, कारण पैसा बंद होण्याची भीती होती.

३. लिंकन रिपब्लिकन होता. मग नागरी हक्क हा रिपब्लिकनांचाच वारसा नाही का?

एकोणिसाव्या शतकापुरतं बोलायचं तर हो, आणि त्यात आढेवेढे घ्यायचं कारण नाही. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध म्हणूनच हा पक्ष १८५४ मध्ये उभा राहिला. गुलामगिरी बंद करणारी १३ वी, नागरिकत्व आणि समान संरक्षण देणारी १४ वी आणि मताचा हक्क देणारी १५ वी घटनादुरुस्ती ही मुख्यतः रिपब्लिकन मतांची कमाई. १८६६ चा कायदा त्यांनी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडून काढत मंजूर केला.

पण पुढे काय झालं हे फॉरवर्डमध्ये नसतं. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली, रिपब्लिकन हेस अध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी असलेलं लष्कर मागे घेतलं गेलं. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा कायदा ८ विरुद्ध १ ने घटनाबाह्य ठरवला. १८९० मध्ये रिपब्लिकन हेन्री कॅबट लॉज यांचं, दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या मताला संरक्षण देणारं निवडणूक विधेयक कनिष्ठ सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये मेलं. त्यानंतर जवळपास सात दशकं दोन्ही पक्षांनी मिळून नागरी हक्कांचा एकही कायदा केला नाही. वारसा सांगायचा तर ही सात दशकंही हिशेबात धरावी लागतील.

४. १९६४ चा कायदा शेवटी केला कोणी?

प्रस्ताव डेमोक्रॅटिक अध्यक्ष केनेडी यांचा, जून १९६३ मधला. त्यांच्या हत्येनंतर तो रेटला डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी. दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅट्सचं. तरीही रिपब्लिकनांशिवाय हा कायदा होणं अशक्य होतं, कारण सर्वांत कडवा विरोध डेमोक्रॅटिक पक्षाच्याच दक्षिणेकडच्या गटाचा होता.

दोन रिपब्लिकन नावं विसरू नयेत. पहिलं ओहायोचे विल्यम मॅक्कलक. त्यांच्या ग्रामीण मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार नगण्य, म्हणजे मतांचा फायदा शून्य. त्यांनी अट घातली की सिनेटमध्ये विधेयक पातळ करायचं नाही आणि श्रेय दोन्ही पक्षांना द्यायचं. दुसरं नाव सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन. फिलिबस्टर (भाषणं लांबवून मतदान अडवणं) मोडायला लागणारी मतं त्यांनी जमवली (प्रश्न ७). डेमोक्रॅट्सकडून कनिष्ठ सभागृहात इमॅन्युएल सेलर आणि सिनेटमध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांनी किल्ला लढवला. सेलर हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १५ मध्ये ते परत येणार आहे.

५. रिपब्लिकनांनी टक्केवारीने जास्त पाठिंबा दिला, हे खरं की खोटं?

आकडा खरा आहे. १० फेब्रुवारी १९६४ ला कनिष्ठ सभागृहात २९० विरुद्ध १३० ने विधेयक पास झालं. मत देणाऱ्या १७२ रिपब्लिकनांपैकी १३८ बाजूने, म्हणजे ८० टक्के. २४८ डेमोक्रॅट्सपैकी १५२, म्हणजे ६१ टक्के. फॉरवर्ड इथेच संपतं.

आता तेच आकडे प्रदेशानुसार मांडा. दक्षिणेबाहेर डेमोक्रॅट्स १५४ पैकी १४५ (९४ टक्के), रिपब्लिकन १६२ पैकी १३८ (८५ टक्के). दक्षिणेत डेमोक्रॅट्स ९४ पैकी ७, रिपब्लिकन १० पैकी ० (एकही नाही). म्हणजे उत्तर घ्या की दक्षिण, दोन्हीकडे डेमोक्रॅट्सचा पाठिंबा रिपब्लिकनांपेक्षा जास्त. बेरीज केली की मात्र रिपब्लिकन पुढे! यात हातचलाखी काही नाही. दक्षिणेतल्या ९४ जागा डेमोक्रॅट्सच्या आणि फक्त १० रिपब्लिकनांच्या, त्यामुळे दक्षिणेचं ओझं जवळजवळ सगळं एकाच पक्षाच्या सरासरीवर पडलं. संख्याशास्त्र शिकलेल्यांना हा सिम्प्सनचा विरोधाभास लगेच ओळखू येईल.

सिनेटमध्येही तेच. १९ जूनला ७३ विरुद्ध २७ मतांनी विधेयक पास झालं. दक्षिणेतल्या २१ डेमोक्रॅट्सपैकी टेक्सासचे राल्फ यार्बरो हे एकटे बाजूने. दक्षिणेबाहेरच्या ४६ डेमोक्रॅट्सपैकी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड हे एकटे विरोधात. तुमच्या काकांनी पुन्हा तो आकडा पाठवला तर 'खोटं आहे' म्हणून भांडू नका. 'दक्षिणेत किती होते?' एवढंच विचारा.

६. दक्षिणेतल्या डेमोक्रॅट्सनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिलं तरी त्यांच्यावर कारवाई का झाली नाही? व्हिप नव्हता का?

व्हिप असतो, पण तो फक्त गळ घालतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आपल्याकडे आलेल्या पक्षांतरबंदीसारखं तिथे काही नाही, त्यामुळे व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. तिकीटही दिल्लीहून येत नाही. पक्षाचा उमेदवार मतदारच प्राथमिक निवडणुकीत निवडतात. दक्षिणेत तर डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक असायची आणि टेक्साससारख्या राज्यांत कृष्णवर्णीयांना तिच्यातूनच वगळलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत १९४४ मध्ये मोडीत काढली. अशा मतदारसंघातून आलेल्या सिनेटरला अध्यक्षाची भीती कशाला वाटेल?

७. बहुमत होतं, तर कायदा इतकी वर्षं अडला कसा?

सभागृहाच्या नियमांमुळे. समित्यांचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळायचं, आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट्स बिनधोक निवडून येत राहिल्याने सर्वांत ज्येष्ठ तेच. सिनेटची न्यायविषयक समिती मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांच्या ताब्यात होती. तिथे गेलेलं नागरी हक्काचं विधेयक सहसा परत येत नसे, म्हणून १९६४ मध्ये बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी ती समिती टाळून विधेयक थेट सभागृहापुढे घेतलं. कनिष्ठ सभागृहात विधेयक पुढे जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या नियम समितीवर व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ. १९५७ मध्ये शेतावरचं कोठार जळालं म्हणून ते गावी निघून गेले आणि समितीची बैठकच होईना, असा किस्सा वॉशिंग्टनमध्ये अजून सांगतात.

एवढं पार केलं की सिनेटमधला फिलिबस्टर, म्हणजे बोलत राहून मतदान होऊच न देणं. तो थांबवायला तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत. १०० जण हजर असतील तर ६७. नागरी हक्कांच्या विधेयकावर तोवर हे एकदाही जमलं नव्हतं. १९६४ मध्ये चर्चा कामकाजाचे सुमारे ६० दिवस चालली. रॉबर्ट बर्ड यांनी शेवटच्या रात्री १४ तासांहून जास्त भाषण केलं आणि १० जूनच्या सकाळी थांबले.

मग नावं पुकारायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते, वाचा गेलेली. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. होकारासाठी 'आय' म्हणायचं असतं. त्यांना शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. डोळ्याचा इंग्रजी उच्चारही तोच, त्यामुळे मत मोजलं गेलं. ७१ विरुद्ध २९. पुढच्या महिन्यात एंगल वारले.

८. कृष्णवर्णीय मतदार १९६४ मुळे डेमोक्रॅट झाले ना?

नाही, बराचसा प्रवास त्याआधीच झाला होता. १९३२ पर्यंत उत्तरेतला कृष्णवर्णीय मतदार लिंकनच्या पक्षासोबत होता. १९३६ मध्ये सुमारे ७१ टक्क्यांनी डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांना मत दिलं, ते मंदीतल्या रोजगारासाठी. हक्कांच्या बाबतीत रूझवेल्ट यांनी कायदा असा केला नाही. लिंचिंगविरोधी विधेयकामागेही ते उघड उभे राहिले नाहीत, कारण दक्षिणेतले समितीअध्यक्ष दुखावले असते. त्यांच्यानंतरचे डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये आदेश काढून लष्करातला भेदभाव संपवायला घेतला. १९६० मध्येही रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना सुमारे ३२ टक्के कृष्णवर्णीय मतं होती. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेले अॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार होते, तेव्हा ती सुमारे ६ टक्क्यांवर आली, आणि तिथून रिपब्लिकन पक्ष फारसा वर आलेला नाही.

९. दोन्ही पक्षांनी आपापल्या भूमिकांची अदलाबदल केली म्हणतात. हे खरं की थोतांड?

'एका रात्रीत सगळे उड्या मारून गेले' असं म्हणायचं असेल तर थोतांड. १९६४ ला विरोधात मत दिलेल्या डेमोक्रॅटिक सिनेटरांपैकी रिपब्लिकन झाले ते एकटे साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थरमंड. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वेगळी चूल मांडून त्यांनी चार राज्यं जिंकली होती, १९५७ चा कायदा अडवायला एकट्याने २४ तास १८ मिनिटं भाषण केलं होतं. ईस्टलंड, रिचर्ड रसेल, जॉन स्टेनिस अखेरपर्यंत डेमोक्रॅट राहिले. तरुणपणी कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेत असलेले आणि पुढे त्याबद्दल वारंवार माफी मागितलेले बर्डही २०१० मध्ये वारले ते डेमोक्रॅट म्हणूनच. आयाराम-गयाराम हा प्रकार तिथे फारसा घडलाच नाही.

बदलले ते मतदार, आणि तेही पिढ्यांनी. १९६४ मध्ये दक्षिणेच्या खोल पट्ट्यातली पाच राज्यं गोल्डवॉटर यांना गेली. १९६८ मध्ये अलाबामाचे वर्णभेदसमर्थक माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी तिसऱ्या आघाडीतून पाच राज्यं घेतली, तर निक्सन यांनी 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत उरलेल्या दक्षिणेला हात घातला. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांच्यामुळे व्हर्जिनिया सोडून सगळी दक्षिण परत डेमोक्रॅटिक. कनिष्ठ सभागृहातल्या दक्षिणेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांना मिळाल्या १९९४ मध्ये, आणि अलाबामाचं विधिमंडळ तर २०१० मध्ये. म्हणजे अदलाबदल झाली हे खरंच, पण ती चाळीस-पन्नास वर्षं चालली. वर्ण हे त्यातलं मोठं कारण; उपनगरं, चर्च आणि उत्तरेकडून आलेले उद्योग हीही कारणं होती. एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंपासून सावध राहा.

१०. गोल्डवॉटर वर्णद्वेषी होते का?

वैयक्तिक नोंदी तसं सांगत नाहीत. अॅरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमधला भेदभाव संपवण्यात त्यांचा हात होता आणि १९५७, १९६० च्या कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता. १९६४ ला आक्षेप होता तो खासगी धंदा आणि नोकरी यांवरच्या केंद्राच्या अधिकाराला. पण मिसिसिपीत त्यांना मिळालेली ८७ टक्के मतं घटनेच्या बारकाव्यांवर खूश होऊन पडली, असं मानणं भाबडेपणाचं होईल. त्यांच्या स्वतःच्या अॅरिझोनाखेरीज त्यांनी जिंकलेली पाचही राज्यं दक्षिणेतली.

११. १९६५ चा मतदान हक्क कायदा वेगळा का लागला? आणि तो आज लागू आहे का?

मताचा हक्क १८७० पासून कागदावर होता. वाचन-परीक्षा, मतकर आणि धाकदपटशा यांनी तो दक्षिणेत निकामी केला होता. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा इथे मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी केलेला हल्ला टीव्हीवर देशभर दिसला आणि ६ ऑगस्टला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. परिणाम लगेच दिसला: मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली.

कायद्याचं खरं हत्यार कलम ५. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ती राज्यं ठरवणारं सूत्रच रद्द केलं. कायदा पुस्तकात आहे, पण पूर्वपरवानगी बंद.

पक्षांच्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा इथेच आहे. २००६ मध्ये हाच कायदा वाढवायला सिनेटने ९८ विरुद्ध ० मत दिलं आणि रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी सही केली. २०२१ मध्ये तुटलेला भाग दुरुस्त करणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात २१९ विरुद्ध २१२ ने पास झालं, त्यात एकही रिपब्लिकन मत नव्हतं. सिनेटमध्ये ते फिलिबस्टरला अडकलं.

१२. 'लिंग' हा शब्द कायदा पाडण्यासाठीच घुसवला होता का?

दुरुस्ती मांडली ती प्रश्न ७ मधल्या कोठारवाल्या हॉवर्ड स्मिथ यांनी, आणि सभागृहात हशा पिकला हे खरं. मात्र स्मिथ हे स्त्रियांच्या समान हक्क दुरुस्तीचे जुने समर्थकही होते, त्यामुळे हेतूबद्दल वाद आहे. मार्था ग्रिफिथ्स आणि इतर महिला सदस्यांनी ती संधी साधली आणि १६८ विरुद्ध १३३ ने शब्द आत आला. त्याच शब्दाच्या आधारे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक आणि ट्रान्स कर्मचाऱ्यांनाही संरक्षण दिलं. निकाल लिहिला रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेल्या नील गोर्सच यांनी.

१३. खासगी हॉटेलवाल्याला 'यांनाही खोली दे' अशी सक्ती कशी करता येते? अपवाद आहेत का?

१८८३ चा निकाल (प्रश्न ३) सांगत होता की १४ वी दुरुस्ती फक्त सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. म्हणून १९६४ मध्ये आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेतला. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने लगेच आव्हान दिलं. तिथली सुमारे तीन-चतुर्थांश गिऱ्हाइकं परराज्यातली, त्यामुळे मोटेल हरलं. बर्मिंगहॅमची एक बार्बेक्यू खाणावळ तर स्थानिक गिऱ्हाइकांवरच चालायची. पण तिचं मांस परराज्यातून आलेलं होतं, आणि न्यायालयाला तेवढं पुरलं.

अपवाद आहेत. मालक स्वतः राहतो त्या घरात भाड्याच्या खोल्या पाच किंवा कमी असतील तर ही तरतूद लागत नाही. खरोखरचे खासगी क्लबही बाहेर. घरभाड्याचा भाग १९६८ च्या कायद्यात येतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली.

१४. लिंचिंगविरोधी कायदा कधी झाला?

२०२२ मध्ये. कनिष्ठ सभागृहाने पहिलं विधेयक १९२२ मध्येच पास केलं होतं, ते मांडणारे डायर हे रिपब्लिकन. सिनेटमध्ये काय झालं ते प्रश्न ७ वाचून कळेलच.

१५. या सगळ्याचा मराठी माणसाशी काय संबंध?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाबद्दल कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचं नाव कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आलं.

आणि तुमचे नातेवाईक तिथे आहेत तेही यामुळेच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ च्या कायद्याने ती वाट उघडली, पण भारतासाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा. देशवार कोट्याची ती पद्धत मोडली १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. १९४६ आणि १९६५ या दोन्ही कायद्यांवर नाव आहे ते प्रश्न ४ मधल्या सेलर यांचं. पुण्या-मुंबईहून इंजिनिअर आणि डॉक्टर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर.

१६. अमेरिकेत जातीवरून त्रास दिला तर १९६४ चा कायदा लागतो का?

कायद्यात 'जात' हा शब्द नाही. वंश, धर्म किंवा मूळ देश यांत ती बसते असा युक्तिवाद वकील करतात. सिअॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीचा स्पष्ट उल्लेख करून बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, आणि दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरच्या समाजवादी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात राज्याच्या सिनेटमधल्या डेमोक्रॅट आयेशा वहाब यांचं असंच विधेयक राज्याच्या दोन्ही सभागृहांत पास झालं, आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नर न्यूसम यांनीच त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यांत हे येतंच, असं कारण देऊन. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार करायची असेल तर समान रोजगार संधी आयोगाकडे (ईईओसी) सर्वसाधारणपणे १८० दिवसांच्या आत करावी लागते. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ही मुदत ३०० दिवस.